वहीवर नुसतं ‘पाहिले’

प्रति,
आपल्या माजी विद्यार्थ्यांच्या ग्रुपची ॲडमिन मंडळी आणि त्या ग्रुपवरचे ६४१ सदस्य यांस,

मुलांनो (पन्नाशी गाठलेल्यांनाही मी मुलंच म्हणणार, त्याला इलाज नाही),

गेल्या सोमवारी रात्री दहाला ग्रुपवर सूचना आली. ‘आजपासून इथे फक्त ॲडमिन लिहू शकतील. बाईंनी आपली चित्रं आमच्याकडे पाठवावीत, आम्ही टाकत जाऊ. आवडल्यास अंगठा द्यावा. लिहून ग्रुप भरू नये.’ सकाळपर्यंत या सूचनेला ५३ अंगठे मिळाले. माझ्या कुठल्याही चित्राला आजवर इतके मिळालेले नाहीत.

तिथे आता मला लिहिता येत नाही, म्हणून हे पत्र चव्हाट्यावर लिहिते आहे. शाळेचं नाव घेत नाही, तुमच्यापैकी कुणाचंही घेत नाही. ज्यांना कळायचं त्यांना कळेल. ज्यांचा आमच्या शाळेशी संबंध नाही, त्यांच्याही फोनवर एखादी मावशी, एखादा काका, एखादा कॉलेजातला पोरगा रोज काहीतरी करून टाकत असेल. त्यांनी आपल्यापुरतं वाचावं.

कोल्हापुरात ३१ वर्षं मी चित्रकला शिकवली. एलिमेंटरी-इंटरमिजिएटला तुमच्या बॅचमागून बॅच बसवल्या. निवृत्त झाले आणि २०२१च्या जुलैत पंचगंगेला पूर आला. पाणी उतरू लागल्यावर घाटावरच्या देवळांची शिखरं तेवढी वर दिसत होती, ती रंगवली आणि जरा भीतभीतच ग्रुपवर टाकली. तेव्हापासून आठवड्याला दोन चित्रं. जलरंग, क्वार्टर साइज कागद, शक्यतो जागेवर बसून. रंकाळा, संध्यामठ, गंगावेशीतला दूधकट्टा, कोटितीर्थ, पण जास्त करून घाटच. चारशेच्या वर झाली.

ग्रुपवर आपला संदेश दाबून धरला की कुणी कुणी वाचला त्याची यादी दिसते. मी ती यादी वाचते. सांगायला लाज वाटते, पण वाचते. चारशेच्या आसपास नावं असतात. कोण पहाटे पाचला बघतं, कोण रात्री दीडला, हेही मला आता पाठ झालंय. (दीडवाल्यांनो, झोपत जा.) त्या चारशेंतली एरवी बोलणारी माणसं सात. तीच सात, चार वर्षं.

आता मुख्य तक्रारीकडे येते. ती कौतुकाची नाही. ‘बाईंना शाबासकी हवीय’ असं कुणी मनात म्हणत असेल तर त्याने पुढचा प्रसंग नीट वाचावा.

गेल्या डिसेंबरात घाटावर बसले होते. सकाळची वेळ, पाणी स्वच्छ, पलीकडच्या झाडांची सावली पडलेली. म्हशी घेऊन येणारे एक म्हातारबा आहेत. माझ्या मागे उभं राहून बघायचं, एखादं वाक्य टाकायचं आणि जायचं, हा त्यांचा नेम. कधी ‘कळस वाकडा आलाय की’, कधी ‘ही म्हस न्हवं, रेडा झालाय’. त्या दिवशी बराच वेळ गप्प उभे होते. मग म्हणाले, ‘‘बाई, राग मानू नगासा. पर तुमच्या नदीला कावीळ झालीया. लई दिस झालं बघतोय.’’

मला राग आला. पावसाळ्यात पंचगंगा तांबूस असते हे ठाऊक आहे, पण मी डिसेंबरातलं पाणी काढत होते आणि मला ते बरोबर दिसत होतं. घरी येऊन २०२२चं एक चित्र आणि त्या दिवशीचं चित्र शेजारी ठेवून मुलीला दाखवलं. ती म्हणाली, ‘‘हे काय केलंयस?’’ पुढच्या आठवड्यात डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेले. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, उजव्यात जास्त.

मोतीबिंदूने दिसायचं कमी होतं एवढंच बऱ्याच जणांना माहीत असतं. रंगाचं काय होतं ते सांगते. डोळ्यातलं भिंग वयाबरोबर पिवळट, मग तपकिरी होत जातं आणि निळ्या-जांभळ्याकडचा प्रकाश अडवू लागतं. निळा आणि हिरवा यांतला फरक पुसट होतो, जांभळा काळपट दिसतो. हे इतकं सावकाश होतं की मेंदू जुळवून घेतो. आणि ज्या डोळ्यातून नदी पिवळी दिसते, त्याच डोळ्यातून कागदही दिसतो. त्यामुळे चूक करणाऱ्याला चूक कळण्याचा मार्गच उरत नाही. कोबाल्ट ब्लूच्या जागी मी काय काय कालवत होते ते आता जुन्या पॅलेटवरून दिसतं. यलो ऑकरच्या ट्यूबा दुप्पट संपत होत्या. दुकानदाराला ते माहीत होतं, मला नव्हतं.

क्लोद मोने या फ्रेंच चित्रकाराचं हेच झालं होतं. निदान १९१२ साली, शस्त्रक्रिया थेट १९२३ मध्ये. मधल्या काळातले त्याचे रंग लाल-तपकिरी, गढूळ होत गेले. ट्यूबवरची नावं वाचून तो रंग घेऊ लागला होता. तुम्हाला नववीत मी त्याची कमळं दाखवली होती. तेव्हा हे सांगितलं नव्हतं, कारण तेव्हा मला त्यात विशेष काही वाटलं नव्हतं.

तर मुलांनो, २०२३च्या मध्यापासून डिसेंबर २०२४पर्यंत, म्हणजे दीड वर्ष, माझी नदी पिवळी होत होती. दर चित्र चारशे जणांनी पाहिलं. तुमच्यात पेंटची दुकानं चालवणारे आहेत, छापखान्यात रंग जुळवणारे दोघं आहेत, ॲनिमेशन करणारी एक आहे, आणि डोळ्यांचा डॉक्टर झालेला एकजणही आहे. यादीत त्याचं नाव दर वेळी दिसायचं. एकानेही म्हटलं नाही की बाई, पाणी असं का?

ऑपरेशनचं कळल्यावर मग फोन आले. छापखान्यातला म्हणाला, ‘‘मला वाटलं होतं बाई, पण म्हटलं तुमची स्टाइल बदलली असेल.’’ दुसरी म्हणाली, ‘‘मला वाटलं मोबाइलचा कॅमेरा खराब झालाय.’’ तिसरा म्हणाला, ‘‘कुणीतरी सांगितलंच असेल ना!’’

हे तिसरं वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही. अमेरिकेतल्या बिब लाताने आणि जॉन डार्ली या दोघांनी १९६८ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांना वेगवेगळ्या खोल्यांत बसवून एकमेकांशी माइकवरून बोलायला लावलं आणि बोलता बोलता एकाला फीट आल्याचा आवाज ऐकवला. आपण एकटेच ऐकतोय असं ज्यांना वाटत होतं, त्यांतले ८५ टक्के फीट सुरू असतानाच मदत मागायला उठले. आणखी चौघंजण ऐकताहेत असं ज्यांना वाटत होतं, त्यांतले ३१ टक्केच. जे उठले नाहीत ते निर्दय नव्हते, त्यांचे हात थरथरत होते, असंही त्या दोघांनी लिहून ठेवलंय. तिथे चौघांचा प्रश्न होता. इथे चारशे होते. घाटावरचे म्हातारबा एकटेच होते, म्हणून बोलले.

पुण्यात संगणकाचं काम करणाऱ्या आपल्यातल्याच एकीने मला आणखी दोन गोष्टी समजावल्या. जेकब नील्सन नावाच्या माणसाने २००६ साली मांडलेला एक ढोबळ हिशेब आहे. इंटरनेटवरच्या कुठल्याही मंडळीत शंभरातले नव्वद नुसतं बघतात, नऊ जण अधूनमधून बोलतात, सगळा भार एकावर असतो. ६४१चा एक टक्का काढा. सहा-सात. हिशेब चोख जुळला! दुसरी गोष्ट २०१३ची. स्टॅनफर्ड आणि फेसबुकच्या संशोधकांनी पाहिलं की आपलं लिहिलेलं किती जणांनी बघितलं याचा अंदाज माणसं खऱ्या आकड्याच्या जेमतेम चौथा हिस्सा इतकाच करतात. कारण उघड आहे. बोलले तेवढेच बघणारे असं आपण धरून चालतो. हे ऐकून मला बरं वाटायला हवं होतं. अर्धा दिवस वाटलंही. मग मनात आलं, म्हणजे पिवळी नदी आणखीनच जास्त लोकांनी पाहिली की.

दुसरी तक्रार. तुम्हाला बोलता येत नाही असं मी मानायला तयार नाही. कोल्हापूरचा माणूस आणि गप्प? खासबागेत कुस्ती लागली की वरच्या पायरीवरचा माणूससुद्धा खाली मातीत असलेल्या पैलवानाला डाव सांगतो, त्याला तो ऐकू जावो न जावो. रस्त्यात कुणाची नवी गाडी दिसली की अनोळखी माणूस ‘नाद खुळा!’ म्हणून पुढे जातो. संगीत नाटकाच्या काळात याच गावात एकाच पदाला वन्स मोअरवर वन्स मोअर पडायचे. आणि तुम्हाला मी वर्गात ओळखते. मागच्या बाकावरून तुमच्या तोंडाला कुलूप लावता लावता माझी नोकरी संपली.

पुरावाही आहे. २०२२च्या डिसेंबरात मी केशवराव भोसले नाट्यगृह काढलं होतं. संध्याकाळची वेळ, दर्शनी भिंतीवर ऊन, समोर एक भेळेची गाडी. त्या दिवशी चार अंगठे आले, शब्द एकही नाही. ८ ऑगस्ट २०२४च्या रात्री ते नाट्यगृह जळालं. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती. त्या रात्री कुणीतरी माझं ते चित्र शोधून पुन्हा ग्रुपवर टाकलं, आणि पहाटे दोनपर्यंत दोनशेवर संदेश आले. कुणाचा बाप तिथे पडदा ओढायचा. कुणी शाळेच्या गॅदरिंगला तिथेच स्टेजवर रडली होती. कुणाला खुर्चीचा नंबर आठवत होता. एकाने लिहिलं, ‘बाई, या भिंतीचा रंग तुम्ही बरोब्बर पकडलाय, आता तो कुठं बघायचा?’ मी ते सगळे संदेश वहीत उतरवून ठेवलेत. ज्या चित्राला दीड वर्षाहून जास्त काळ शब्द मिळाला नाही, त्याला एका रात्रीत वहीभर मिळाले. फक्त त्यासाठी शाहू महाराजांनी १९१५ साली उभारलेली वास्तू जळावी लागली. हे मी चिडून लिहीत नाही. त्या रात्री मीही रडत होते आणि तुमचे संदेश आल्यावर जरा सावरले. पण इतके शब्द तुमच्याकडे होते, एवढं त्या रात्री मला कळलं.

मग ते एरवी कुठे असतात? ऑपरेशननंतर महिनाभर वाकून रंगवायला मनाई होती. तेवढ्या वेळात मी वीस-बावीस जणांना फोन करून सरळ विचारलं. उत्तरं प्रामाणिक मिळाली.

सगळ्यात जास्त वेळा ऐकलेलं उत्तर: ‘‘बाईंना आम्ही काय सांगणार?’’ आदर म्हणून गप्प. दुसरं, आणि यात मी थोडी दोषी आहे: ‘‘शुद्धलेखन चुकलं तर?’’ एकजण म्हणाला, चार वेळा लिहितो, खोडतो आणि अंगठा दाबून मोकळा होतो. तिसरं: सगळ्यांसमोर लिहिलं की बॅचचे मित्र चेष्टा करतात, ‘काय रे, अजून बाईंचा लाडका का?’ म्हणून काही जण खासगीत ‘छान’ पाठवतात, जणू काही चोरी. चौथं माझ्या लक्षातच आलं नव्हतं. एका मुलीने सांगितलं, ‘‘एकदा लिहिलं की दर वेळी लिहावं लागतं. नाही लिहिलं तर तुम्हाला वाटेल हे आवडलं नाही.’’ पाचवं: ‘‘बघतो तेव्हा एसटीत उभा असतो, एका हाताने दांडी धरलेली.’’ याला माझ्याकडे उत्तर नाही. दांडी सोडू नकोस.

आणि एकजण म्हणाला, ‘‘बाई, तुमचं चित्र बघितलं की मी दोन मिनिटं गप्प होतो. त्या गप्पपणात पुन्हा काय लिहायचं?’’ हा मुलगा मला मागच्या वर्षी मध्यवर्ती स्टँडवर भेटला होता. इचलकरंजीच्या गाडीची वाट बघत होता. त्याने मला माझी चित्रं एकेक करून सांगितली. पावसातला बिंदू चौक, भिंतीला टेकवलेली लाल सायकल, कोटितीर्थाच्या काठावरची धुणी, त्यातली एक पिवळी साडी. स्मरणचित्राच्या पेपरला याला मी कसेबसे काठावर पास करायची. चार वर्षांत ग्रुपवर त्याचा एक शब्द नाही! त्याच्यापुढे मी काय तक्रार करणार? त्याला सूट आहे. पण चारशे जणांना हीच सूट देता येत नाही, कारण सगळेच असे दोन मिनिटं गप्प होत असतील असं मानण्याइतकी मी भाबडी नाही.

इथे एक कबुली द्यायला हवी. आपल्या शाळेचे मराठीचे एक सर रोज सकाळी एक कविता पाठवतात. मला, आणखी तीसेक जणांना. मी तीन वर्षं त्या वाचते आहे आणि एकदाही उत्तर दिलं नाही. कारण? वर त्या मुलीने सांगितलं तेच. तुम्हाला हे पत्र लिहायला बसले आणि पेन अडलं. आधी सरांना दोन ओळी लिहिल्या, परवाच्या कवितेतला विहिरीचा उल्लेख कसा वाटला त्याच्या. दहा मिनिटांत फोन आला. पाऊण तास चालला. आणखी तीन कविता ऐकाव्या लागल्या, त्यातल्या दोन बऱ्या होत्या. तेव्हा तुमची भीती अगदीच निराधार नाही, हे मान्य. पण दुसऱ्या दिवशी त्यांनी ती विहिरीची कविता बदलून पाठवली. शेवटची ओळ काढून टाकली होती. ती काढायलाच हवी होती आणि त्यांना तीन वर्षांत कुणी म्हटलं नव्हतं.

तिसरी तक्रार थोडक्यात. बोलायला वेळ नसतो, पण वापरायला असतो. गेल्या दिवाळीत एका दुकानाचं कॅलेंडर माझ्या हातात आलं. वर माझा रंकाळा. खालचा सहीचा कोपरा कापलेला. दुकान आपल्यापैकीच एकाचं आहे. मला विचारलं असतं तर मी मूळ चित्राचा चांगला फोटो काढून दिला असता. त्या छपाईत पाणी फारच काळं आलंय.

चौथी, अंगठ्याची. फोनवर बोट दाबून धरलं की सहा खुणा समोर येतात: अंगठा, बदाम, हसू, आश्चर्य, अश्रू, नमस्कार. २०२२ मध्ये ही सोय आली आणि त्याआधी जे चार शब्द यायचे तेही आटले. मी अंगठ्याच्या विरोधात नाही. पाणीपट्टीच्या सूचनेला तो ठीक आहे. पण आपल्या ग्रुपवर अंत्यविधीच्या वेळेलाही अंगठा पडलेला मी पाहिलाय. अंगठा म्हणजे ‘मिळालं’. तुमच्या वह्या आठवा. काही वर्गांत शिक्षक पानाच्या कोपऱ्यात ‘पाहिले’ असा शेरा मारून सही करायचे, पुढचं पान. तुम्ही त्या वह्या घेऊन माझ्याकडे यायचात आणि विचारायचात, ‘‘बाई, सरांनी खरंच पाहिलं का हो?’’ मी तुमच्या चित्रावर नुसती सही कधी केली नाही. साठ मुलांच्या वर्गात साठ वेगळे शेरे. ‘केळं छान, पण हवेत तरंगतंय, सावली दे.’ ‘हा हिरवा रंग बाटलीतला आहे, झाडाचा नव्हे.’ ‘घोड्याचे मागचे पाय माणसाचे झालेत.’ रविवार त्यात जायचा. फोनवरच्या दोन निळ्या खुणा म्हणजे तोच ‘पाहिले’चा शेरा. आता ॲडमिन मंडळींनी ठरवलंय की यापुढे सगळ्या वर्गाला एवढाच शेरा मारता येईल.

त्या निर्णयाबद्दल. तुमची अडचण मला कळते. सकाळी फुलांवर सुविचार, दुपारी जुनीच बातमी, रात्री राजकारण. फी सवलतीची सूचना खाली जाते, कुणाला रक्त हवं असेल तर तो संदेश सापडत नाही. ते बंद करायलाच हवं होतं. पण गवत काढायला गेलात आणि सगळं रानच नांगरलंत. गेल्या वर्षी याच ग्रुपवर एका रिक्षावाल्या विद्यार्थ्याने लिहिलं होतं, ‘बाई, शालिनी पॅलेसच्या तळ्याकडच्या भिंतीवर तुम्ही ऊन दाखवलंय, म्हणजे सकाळ. मग मनोऱ्यावरच्या घड्याळात साडेपाच कसे?’ तो रोज तिथून भाडी मारतो. बरोबर होतं त्याचं. मी सकाळी बसले होते आणि घड्याळाचे काटे घरी येऊन अंदाजे टाकले होते. त्या एका वाक्यावर पुढे वीस जण बोलले, कोण कुठल्या वेळेला रंकाळ्यावर असायचं, कशासाठी असायचं. (काही उत्तरं मी न वाचल्यासारखं केलं.) तुमच्या नव्या नियमाने तो रिक्षावाला आता फक्त अंगठा देऊ शकतो. चुकलेल्या घड्याळाला अंगठा!

कोल्हापुरात आबालाल रहिमान यांची एक गोष्ट सांगतात, तुम्हीही ऐकली असेल. शाहू महाराजांच्या दरबारचा हा चित्रकार कोटितीर्थाच्या काठी राहायचा. १९२२ मध्ये महाराज गेले आणि त्यांनी आपली चित्रं तळ्यात सोडून दिली, अशी ती गोष्ट आहे. मी लहानपणी ऐकली तेव्हा वाटायचं, काय हा वेडेपणा. आज वाटतं, बघून बोलणारं एक माणूस गेलं की किती जातं, त्याचा तो हिशेब असेल. घाबरू नका, मी काही टाकत नाही. तळ्यात आधीच पुरेसा कचरा आहे.

तर माझ्या मागण्या.

ग्रुप पुन्हा उघडा. सुविचार, अफवा आणि राजकारण यांना बंदी घाला, मोडणाऱ्याला आठवडाभर बाहेर ठेवा, मी पाठिंबा देईन. ते जमत नसेल तर रविवारचा दिवस तरी मोकळा सोडा आणि त्या दिवशी ज्याने जे काही केलंय ते टाकू द्या. आपल्यात गाणारे आहेत, लाकडाची खेळणी करणारा आहे, एकजण गोधड्या शिवते. माझ्या चित्रांमुळे बाकीच्यांचं राहून जातं हेही मला दिसतं.

६४१ जणांनी रोज लिहू नये, देवाशपथ लिहू नये. वर्षाला एक वाक्य. ज्याला जेव्हा वाटेल तेव्हा, कुठल्याही एका चित्रावर. म्हणजे आठवड्याला बारा वाक्यं होतात. मला पुरतात. एकदा लिहिलं म्हणून पुढच्या वेळी लिहायलाच हवं असं नाही. पुढच्या चित्राला गप्प राहिलात तर ते आवडलं नाही असा अर्थ मी काढणार नाही, हे लेखी देते.

त्या वाक्यात ‘छान’, ‘सुंदर’, ‘अप्रतिम’ नको. काय दिसलं ते सांगा. कुठे डोळा अडखळला ते सांगा. रंग चुकीचा वाटला तर लगेच सांगा, दुसऱ्या कुणी सांगितलं असेल असं धरून चालू नका. शुद्धलेखन चुकलं तरी चालेल. ३१ वर्षांत मी तुमच्या ऱ्हस्व-दीर्घाला कधी मार्क कापले नाहीत, ते मराठीच्या सरांचं काम होतं.

चित्र कुठे वापरायचं असेल तर विचारा. सही कापू नका.

आणि ज्याने ती यादी मी वाचते म्हणून वाईट वाटून घेतलं असेल, त्याने घेऊ नये. यापुढे वाचणार नाही. प्रयत्न करीन.

आता एक काम. माझ्या उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालंय, नवीन भिंग बसवलंय. डाव्याचं पुढच्या महिन्यात आहे. सध्या उजवा डोळा झाकला की घाट चहासारखा दिसतो आणि डावा झाकला की निळा, इतका निळा की पहिल्या दिवशी मी दवाखान्याच्या पांढऱ्या भिंतीकडे बघत बसले होते. हा फरक महिनाभरच राहणार. म्हणून येत्या रविवारी सकाळी सातला मी घाटावर बसणार आहे आणि एकच दृश्य दोन कागदांवर काढणार आहे, एकदा उजवा डोळा बांधून, एकदा डावा बांधून. म्हातारबांना आधी दाखवीन, मग दोन्ही ॲडमिनकडे पाठवीन. नियमाप्रमाणे.

कुठलं चित्र कुठल्या डोळ्याचं, ते मी लिहिणार नाही. तुम्ही सांगायचंय. अंगठ्याने ते सांगता येणार नाही, तेव्हा ॲडमिन मंडळींनी रविवारपर्यंत काय करायचं ते ठरवावं.

तुमची,
चित्रकलेच्या बाई

ता. क. डोळ्यांच्या डॉक्टर झालेल्या विद्यार्थ्याने या स्पर्धेत भाग घेऊ नये. त्याला दीड वर्ष मिळालं होतं.